चाळीस पैशांचं पान: दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्याचा अभ्यास

दिल्ली विद्यापीठाच्या उत्तर आवारात दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही संस्था आहे. तिच्याच आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचं झेरॉक्सचं एक छोटं दुकान होतं. जागा विद्यापीठाची, दुकानदाराशी रीतसर करार, आणि विद्यार्थ्यांसाठी दर ठरलेला: पानाला ४० पैसे. एम.ए.ची मुलं सत्राच्या सुरुवातीला तिथं जायची, पेपरचं नाव सांगायची आणि स्पायरल बाइंडिंग केलेला गठ्ठा घेऊन वर्गात यायची. त्या गठ्ठ्याला तिथं ‘कोर्स पॅक’ म्हणत. आत काय असायचं? प्राध्यापकांनी अभ्यासक्रमात नेमून दिलेली प्रकरणं. एका पुस्तकातलं तिसरं प्रकरण, दुसऱ्यातली वीस पानं, तिसऱ्याची नुसती प्रस्तावना, असं वीस-पंचवीस ठिकाणचं वाचन एकत्र बांधलेलं.

ऑगस्ट २०१२ मध्ये या दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल झाला. दावा करणारे होते ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस आणि टेलर अँड फ्रान्सिस. त्यांनी चार कोर्स पॅक पुढे केले, स्वामित्वहक्काचा (कॉपीराइटचा) भंग झाल्याचं म्हटलं आणि ६० लाख रुपयांची भरपाई मागितली. न्यायालयानं नेमलेला कमिशनर दुकानाची पाहणी करून आला. १७ ऑक्टोबर २०१२ च्या अंतरिम आदेशानं पॅकची विक्री थांबली.

मी महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी इतिहास शिकवते. हा खटला तेव्हा वर्तमानपत्रात वाचला होता आणि दिल्लीची भानगड म्हणून सोडूनही दिला होता. पुढे निकालपत्रं मुळातून वाचली तेव्हा कळलं, की त्यात माझ्या वर्गाचीच गोष्ट आहे. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडते आहे.

पुस्तक महाग की वाचनयादी लांब?

‘पुस्तकं महाग झाली’ ही तक्रार आपण सगळे करतो आणि ती खोटी नाही. पण दिल्लीच्या प्रकरणातली अडचण नुसत्या किमतीची नव्हती. साधा हिशेब मांडून बघू. एका पेपरला २५ पुस्तकांतली मिळून ३०० पानं वाचायची आहेत असं धरा. चाळीस पैशांनी पॅक होतो १२० रुपयांचा. तीच २५ पुस्तकं विकत घ्यायची ठरवली आणि प्रत्येकाची किंमत अगदी ५०० रुपये धरली, तरी बेरीज साडेबारा हजारांवर जाते. सत्राला चार पेपर धरले तर पन्नास हजार. आणि ५०० ही मी मुद्दाम कमी धरलेली किंमत आहे. परदेशी विद्यापीठांच्या प्रकाशनांची कापडी बांधणीची पुस्तकं सहज चार आकडी किमतीची असतात, आणि त्यांतली कित्येक आपल्याकडच्या दुकानात नसतातच. मागवायची, वाट बघायची, तोवर परीक्षा येते.

मुळात बारावीपर्यंतचं पाठ्यपुस्तक आणि एम.ए.चं पुस्तक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बालभारतीचं पुस्तक एकदा घेतलं की वर्षाची सोय होते. अभियांत्रिकीच्या मुलांकडे निदान ‘लोकल ऑथर’ असतो. सिलॅबसबरहुकूम लिहिलेलं, परवडणारं, सत्र संपलं की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात निम्म्या किमतीला परत जाणारं पुस्तक. मोठ्या विदेशी ग्रंथाचं नाव यादीत पहिलं असतं, अभ्यास मात्र लोकल ऑथरवर होतो. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास यांच्या पदव्युत्तर वर्गाला अशी पळवाट नाही, आणि असूही नये. तिथं विद्यार्थ्यानं मूळ लेखकाशी भिडायचं असतं. दहा जणांची दहा मतं वाचायची आणि मग स्वतःचं मांडायचं. म्हणजे अभ्यासक्रम जितका चांगला, तितकी पुस्तकं जास्त आणि प्रत्येकातली पानं कमी. पुस्तकविक्रीची रचना अख्ख्या पुस्तकाची आहे आणि शिकवण्याची गरज प्रकरणाची. कोर्स पॅक या दोहोंच्या मध्ये उभा राहिला होता.

राहिलं ग्रंथालय. ज्यांनी महाविद्यालयात ग्रंथालयाच्या खिडकीवर उभं राहून ‘इश्यू झालंय’ हे उत्तर ऐकलं आहे, त्यांना हा भाग समजावून सांगायला नको. पुस्तकाची एक प्रत, तीही ‘संदर्भ’ असा शिक्का मारलेली, म्हणजे घरी न्यायची सोय नाही. वर्गात साठ मुलं. बसून वाचायचं तर शेवटची एसटी साडेपाचची.

कायदा कुठं बोलतो

१९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात कलम ५२ आहे. कोणत्या गोष्टी हक्कभंग धरायच्या नाहीत त्याची यादी तिथं येते. त्यातलं उपकलम (१)(आय) सांगतं, की शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं अध्यापनाच्या ओघात एखाद्या कृतीची प्रत काढली, तर तो हक्कभंग नाही. प्रश्नपत्रिकेत उतारा घेतला, उत्तरात लिहिला, तोही नाही. किती पानं, किती टक्के, याचा उल्लेख त्या कलमात नाही.

प्रकाशकांचं म्हणणं असं होतं. अध्यापनाचा ओघ म्हणजे वर्गात प्रत्यक्ष शिकवणं सुरू असताना. वर्गाबाहेर आधीच तयार केलेला गठ्ठा त्यात बसत नाही. कलमात ‘शिक्षक’ आणि ‘विद्यार्थी’ आहेत, पैसे घेणारा दुकानदार नाही. शिवाय वेगवेगळ्या पुस्तकांतले भाग एकत्र बांधून विकणं म्हणजे नवं पुस्तक छापण्यासारखंच आहे, आणि शैक्षणिक संकलनासाठी कायद्यात वेगळी, कडक तरतूद आहे: एकाच प्रकाशकाला पाच वर्षांत एका लेखकाचे दोनच उतारे. प्रती काढायच्याच असतील तर विद्यापीठानं इंडियन रिप्रोग्राफिक राइट्स ऑर्गनायझेशन या संस्थेकडून परवाना घ्यावा, शुल्क भरावं. यातला शेवटचा मुद्दा वरवर पाहता वाजवी वाटतो. पण जे काम कायद्यानंच मोकळं ठेवलं आहे त्याला परवाना कशाला, हा प्रश्न त्याच्या आधी येतो. सगळा खटला त्या ‘आधी’वर लढला गेला.

विद्यार्थी गप्प बसले नाहीत. त्यांनी संघटना स्थापन केली आणि दाव्यात स्वतःहून प्रतिवादी झाले. अध्यापक आणि कायद्याचे अभ्यासक यांचीही एक संस्था प्रतिवादी म्हणून उभी राहिली. तीनशेहून जास्त लेखक आणि अध्यापकांनी प्रकाशकांना जाहीर पत्र लिहून दावा मागे घ्यायला सांगितलं. ज्यांच्या लेखनाच्या प्रती काढल्या म्हणून हा दावा होता, त्यांच्यापैकीही कित्येकांची त्यावर सही होती. अमर्त्य सेन एकेकाळी याच दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवत होते आणि ऑक्सफर्ड त्यांचं प्रकाशक. त्यांनीही ऑक्सफर्डला लिहून कळवलं, की हे पॅक बंद पाडण्यासाठी कायद्याचा सगळा जोर लावू नका. ज्याचं नुकसान झालं म्हणून दावा, तो लेखकच विद्यार्थ्याच्या बाजूनं बोलतो, हे मला या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. विद्वत्तेच्या ग्रंथातून लेखकाला मिळणारं मानधन तुटपुंजं असतं. त्याला वाचक हवा असतो.

न्यायमूर्तींची आठवण

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. निकालपत्र लांब आहे आणि बराचसा भाग शब्दांचा कीस काढणारा आहे. पण मधेच एक परिच्छेद येतो तिथं मी थांबले. न्यायमूर्ती स्वतःच्या विद्यार्थिदशेबद्दल लिहितात. आपण कायदा शिकत होतो तेव्हा झेरॉक्सची सोय कमी होती, वेळ खाणारी आणि महाग होती. मुलं पाळी लावून ग्रंथालयात बसायची आणि नेमलेल्या पुस्तकांतली पानंच्या पानं हातानं उतरवून काढायची. मग त्या उताऱ्यांच्या कार्बन प्रती व्हायच्या, किंवा झेरॉक्स. त्या वेळची यंत्रंही अशी, की जाड पुस्तकाची प्रत काढायची तर पुस्तक उसवावं लागे.

ही आठवण त्यांनी रंग भरायला लिहिलेली नाही. ती त्यांच्या युक्तिवादाचा पाया आहे. हातानं उतरवून घेणं तेव्हा कुणी हक्कभंग म्हटलं नाही. मग तेच काम यंत्रानं पटकन आणि सुबक झालं, म्हणून ते गुन्हा कसं होईल? विद्यापीठानं आपल्या ग्रंथालयात स्वतःचं यंत्र बसवून मुलांना प्रती दिल्या असत्या तर कुणाचं काही बिघडलं नसतं. मग तेच काम ठरलेल्या दरात दुकानदाराकडून करून घेतल्यानं त्याची जात बदलत नाही. आणि ४० पैशांत पान देणारा माणूस प्रकाशकाचा प्रतिस्पर्धी ठरत नाही. नेमलेली दहा-वीस पानं वाचण्यासाठी विद्यार्थी ती सगळी पुस्तकं विकत घेईल ही अपेक्षाच चुकीची, त्यामुळे पॅक बंद झाला तरी तो प्रकाशकाचा गिऱ्हाईक होत नाही. स्वामित्वहक्क हा लेखकाला निसर्गानं किंवा देवानं दिलेला निरंकुश मालकीहक्क नव्हे, समाजाची बौद्धिक समृद्धी वाढावी म्हणून केलेली ती व्यवस्था आहे, असंही त्यांनी स्पष्ट लिहिलं.

मी ते वाचलं आणि माझ्या आईची वही आठवली. तिनं १९७० च्या दशकात बी.ए. केलं. तिच्याकडं निळ्या शाईत उतरवलेली दोन प्रकरणं होती, शेवटी पुस्तकाचं नाव, ग्रंथालयाचा दाखल क्रमांक आणि ‘परत: सोमवार’. सोमवारी परत द्यायचं म्हणून शनिवार-रविवार बसून उतरवलेलं. शेवटच्या चार पानांवरचं अक्षर वेगळं आहे. तिची मैत्रीण तेवढं लिहून द्यायला बसली होती.

अपील आणि शेवट

प्रकाशक त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाकडं गेले. ९ डिसेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि न्यायमूर्ती योगेश खन्ना यांनी निकाल दिला. (नंदराजोग पुढं २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले.) हा निकाल पहिल्यापेक्षा जास्त नेमका आहे आणि शिक्षकांच्या कामाचाही.

खंडपीठानं सांगितलं, की अध्यापनाचा ओघ म्हणजे तासाची पन्नास मिनिटं नव्हेत. अभ्यासक्रम आखणं, वाचायला नेमून देणं, वर्गाआधीची तयारी, वर्गानंतरचं वाचन, हे सगळं त्यात येतं. एक शिक्षक, एक विद्यार्थी, एक प्रत असा एकवचनी अर्थ काढता येणार नाही. आणि पानांची मर्यादा? कलमात ती नाही, न्यायालय घालणार नाही. कसोटी एकच: त्या शिकवण्यासाठी हे वाचन गरजेचं होतं का. गरज असेल तितकी पानं चालतील. प्रकाशकांच्या बाजारपेठेच्या चिंतेवरही त्यांनी दूरचा विचार मांडला: शिकलेली, कमावती माणसं वाढली की पुस्तकांचं गिऱ्हाईकही वाढतं.

पण त्याच कसोटीमुळे दावा पुन्हा जिवंत झाला. चार पॅकमधलं वाचन खरंच अध्यापनाला आवश्यक होतं का, आणि अख्ख्या पुस्तकाची प्रत काढणं कितपत चालेल, हे पुराव्यानं ठरवायचे प्रश्न आहेत, म्हणून खटला परत खालच्या पीठाकडं पाठवला. तोवर दुकानावर बंदी नाही. मात्र कोणते पॅक काढले याची नोंद ठेवायची आणि दर सहा महिन्यांनी ती न्यायालयाला सादर करायची.

पुरावे झालेच नाहीत. ९ मार्च २०१७ रोजी तिन्ही प्रकाशकांनी खटला पुढं चालवणार नसल्याचं जाहीर केलं. परवाना देणारी जी संस्था होती ती सर्वोच्च न्यायालयात गेली. ९ मे २०१७ रोजी तिची याचिका तिथं फेटाळली गेली. पावणेपाच वर्षांनी प्रकरण संपलं.

एक गोष्ट इथं स्वच्छ सांगायला हवी. सर्वोच्च न्यायालयानं याचिका दाखल करून न घेणं म्हणजे कायद्याच्या प्रत्येक मुद्द्यावर शिक्कामोर्तब नव्हे, आणि दिल्लीच्या खंडपीठाचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयावर बंधनकारकही नाही. पण कलम देशभर एकच आहे, आणि त्याचा इतका तपशीलवार अर्थ दुसऱ्या कुणी लावल्याचं माझ्या वाचनात नाही. शिक्षकानं त्यावर पाय रोवून उभं राहावं इतका तो भक्कम आहे.

प्रकाशकाची बाजू, मराठी डोळ्यांनी

ऑक्सफर्ड-केंब्रिजबद्दल मला फारशी काळजी वाटत नाही. त्यांचा व्यवहार जगभर पसरलेला आहे. मराठी प्रकाशकाची वाटते. विद्यापीठीय विषयावरचं मराठी पुस्तक फार तर हजाराच्या आवृत्तीचं असतं आणि ती संपायला वर्षं लागतात. असं २५० रुपयांचं पुस्तक अभ्यासक्रमाला लागलं आणि मुलांनी एक प्रत आणून चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत चाळीस प्रती काढल्या, तर त्या प्रकाशकाकडून पुढचं पुस्तक येणार नाही. खंडपीठानं अख्ख्या पुस्तकाचा प्रश्न खुला ठेवला, तो बरोबरच. पूर्ण पुस्तक नेमलं असेल, ते बाजारात मिळत असेल आणि आवाक्यातलं असेल, तर ते विकत घ्यायचं, आणि महाविद्यालयानं त्याच्या पाच-दहा प्रती घ्यायच्या. मी वर्गात हे दरवर्षी सांगते आणि मुलं ऐकतात. सात-आठ जणांत मिळून घेतात, पण घेतात.

आपल्याकडचं जास्त मोठं दुखणं मात्र निराळं आहे. दिल्लीच्या मुलांना वाचायला काय आहे हे माहीत होतं, ते मिळवायचं कसं हा प्रश्न होता. मराठीतून एम.ए. करणाऱ्या मुलासाठी वाचनयादीतली निम्मी पुस्तकं त्याच्या भाषेत नसतात. विद्यापीठीय ग्रंथ मराठीत यावेत म्हणून नागपूरला महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ उभं राहिलं होतं. त्यानं काढलेल्या पुस्तकांच्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या प्रती आजही ग्रंथालयांत हाताळल्या जातात. दुकानात विचारलं तर बहुतेक मिळत नाहीत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं. ते आपल्या विद्यार्थ्यांना स्वयंअध्ययनाची पुस्तकं देतं, मराठीतून. माझ्या वर्गात रोज येऊन बसणाऱ्या मुलीकडे स्वतःचं एकही पुस्तक नसतं आणि घरी बसून मुक्त विद्यापीठातून शिकणाऱ्या तिच्या वहिनीकडे संच असतो. मग ती वहिनीचा संच वाचते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं. संशोधनासाठी ती मोठी गोष्ट आहे. पण ती शोधनिबंधांची सोय आहे. एम.ए.च्या पहिल्या सत्रात नेमलेलं पुस्तकातलं चौथं प्रकरण त्यातून येत नाही.

आमच्या वर्गातला गठ्ठा

निकालपत्र वाचल्यावर मी ग्रंथपालांशी बोलायला गेले. ते आधी बिचकले. “मॅडम, उद्या कुणी तक्रार केली तर?” एका विद्यापीठातल्या चर्चासत्रात त्यांना सांगितलं गेलं होतं म्हणे, की दहा टक्क्यांच्या वर एकही पान काढायचं नाही. हे दहा टक्के कुठून आले ते सांगणाऱ्यालाही ठाऊक नसावं. आपल्या कलमात तसा आकडा नाही. आम्ही दोघांनी बसून परिच्छेद वाचले. मग त्यांनीच एक चांगली सूचना केली: प्रत्येक प्रकरणापुढं पुस्तकाचं नाव, प्रकाशक, दाखल क्रमांक आणि ते कोणत्या घटकासाठी नेमलं आहे ते लिहायचं. न्यायालयानं ‘गरज होती का’ हे विचारलं आहे ना, मग गरज पहिल्या पानावरच दिसू दे.

त्याप्रमाणे दोन रविवार घालवून एका पेपरचा पॅक केला. अकरा पुस्तकांतली १८४ पानं. त्यातली तीन प्रकरणं इंग्रजी होती, त्यांच्यापुढं मी मराठीत दोन-दोन पानांचं टिपण लिहून जोडलं. नव्यानं मिळत असलेली दोन मराठी पुस्तकं मुद्दाम गठ्ठ्यात घेतली नाहीत. ती विकत घ्यायची म्हणून यादीत ठळक लिहिली आणि ग्रंथालयानं प्रत्येकी सहा मागवली.

गठ्ठा घेऊन एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानदार आमचाच जुना विद्यार्थी. त्यानं वरचं पान नीट वाचलं, मागची दोन-चार उलटून पाहिली.

“मॅडम, हे चालतंय ना? पुस्तकाचं म्हटलं की भीती वाटते.”

मी त्याला दोन मिनिटांत दिल्लीच्या दुकानाची गोष्ट सांगितली. ६० लाखांचा आकडा ऐकून त्यानं मान वर केली, शेवट ऐकून पुन्हा खाली घातली आणि पानं ठोकून सारखी करू लागला.

“किती सेट?”

“बावीस.”

“पाठपोट काढतो. कागद निम्मा लागेल, पोरांना स्वस्त पडेल.”